पंक्चरचे औषध आणि हमरस्ता



ऊस विकास अधिकाऱ्याने या पानावर लागण, खत, खोडवा यांविषयी लिहावे अशी रीत आहे. या वेळी आम्ही मोटारसायकलच्या टायरविषयी लिहीत आहोत. कारण असे की, दोन वर्षांपूर्वी शिवारफेरीत आम्ही आपल्यापैकी पुष्कळांना एक सल्ला दिला होता आणि त्यातला निम्मा आज परत घ्यायचा आहे.

सल्ला होता तो टायरमध्ये पंक्चरचे लिक्विड भरून घेण्याचा. आपल्याकडे त्याला पंक्चरचे औषधच म्हणतात. हंगामात आपल्या रस्त्यांची काय अवस्था असते ते सांगायला नको. बैलांच्या पत्र्यांचे खिळे गळून पडलेले, ट्रॉलीच्या तारेचे तुकडे, बांधाला बाभळीचे काटे आणि फडात तोडलेल्या उसाचे बुडखे. आमच्या खात्यातला चिटबॉय आठवड्यातून दोनदा गाडी ढकलत यायचा. लिक्विड भरल्यापासून ते थांबले. आम्हीही आमच्या गाडीत भरले आणि पंक्चर हा शब्दच विसरलो. इथेच आमचे चुकले.

गेल्या वर्षी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षण होते. एस.टी.ने जायचे सोडून मोटारसायकल काढली. सातारा मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, गाडी सत्तर-पंचाहत्तरने चालली होती. शिरवळच्या अलीकडे मागचे चाक डोलू लागले. आधी वाटले वारा आहे. मग वाटले शेजारून ट्रक गेला म्हणून असेल. तिसऱ्यांदा डोलले तेव्हा मात्र मूठ हळूहळू सोडली आणि गाडी कडेला घेतली. मागे सहकारी बसले होते, दोन लेकरांचे वडील. त्यांचा चेहरा पाहून आम्ही काही बोललो नाही.

पंक्चरवाल्याने काटा लावला. पुस्तकात मागच्या चाकाला ३३ हवा सांगितलेली, निघाली १४. टायर उतरवला तर दोन पत्रीचे खिळे, एक काटा आणि एक तारेचा तुकडा! एका खिळ्याच्या जागी आतले नायलॉनचे धागे तुटून फुगवटा धरला होता. लिक्विड एका बाजूला वाळून त्याचे गोळे झाले होते. तो म्हणाला, “साहेब, एकेक खिळा काढत आला असता तर टायर राहिला असता. आता ह्याला हात लावण्यात अर्थ नाही.” नवा टायर घालून पुढे गेलो. प्रशिक्षणाचे पहिले सत्र बुडाले.

औषधाला आम्ही दोष देत नाही. त्याने त्याचे काम केले होते. ते काम काय, हे समजून घेतले पाहिजे. या लिक्विडमध्ये बहुधा ग्लायकॉल असते आणि त्यात बारीक धागे व रबराचा चुरा मिसळलेला असतो. चाक फिरले की ते टायरच्या आत पसरते. खिळा लागला की आतली हवा बाहेर पळताना हे धागे छिद्रात ओढून नेते आणि बोळा बसतो. जमिनीला टेकणाऱ्या भागातील पाचसहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र असे बुजू शकते. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. आपण रात्री पाइपलाइन फुटली की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधतो, तशातलाच हा प्रकार. तेवढे पाणी पाजून होते. पण त्याच पट्टीवर पुढचे वर्षभर पूर्ण दाबाने मोटर चालवणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही.

गावातल्या रस्त्याला आपण तीस-चाळीसने जातो. तिथे बोळा निसटला तर गाडी मऊ लागते, आपण उतरतो, फार तर चिखलात पाय भरतो. हमरस्त्याचा हिशेब वेगळा. ताशी ऐंशीच्या वेगाला आपल्या गाडीचे चाक सेकंदाला जवळजवळ बारा वेळा फिरते. वेग दुप्पट झाला की चाकातली वस्तू बाहेर खेचणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. वीस ग्रॅमचा, म्हणजे चार चमचे साखरेएवढा लिक्विडचा गोळा एका जागी बसला, तर चाळीसच्या वेगाला तो पाऊण-एक किलोच्या जोराने खेचतो आणि ऐंशीला सव्वातीन किलोच्या. तोही प्रत्येक फेऱ्याला, सेकंदाला बारा झटके. पुढच्या चाकात असे झाले तर हँडल हातात थरथरते. त्यात हवा कमी असली तर टायर चेपतो, तापतो, आतले थर सुटायला लागतात. उन्हाळ्यात डांबर आधीच तापलेले असते.

खरा धोका आमच्या मते आणखी एक आहे. पंक्चर ही कटकट असली तरी ती आपल्याला गाडीवरून खाली उतरवते, टायरकडे बघायला लावते. औषध घातले की ते बघणेच बंद होते. खिळा आत तसाच राहतो, दर फेऱ्याला हलतो, छिद्र मोठे करतो आणि आपल्याला पत्ता नसतो. आमच्या टायरमध्ये चार वस्तू होत्या. त्या कधी शिरल्या हे आम्हाला आजही सांगता येणार नाही.

ट्यूबच्या टायरवाल्यांनी तर अधिक जपावे. आपल्या सभासदांकडे तारांच्या चाकांच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा बहुधा सावकाश जाते. ट्यूबचे तसे नाही. ट्यूब टायरच्या आत सरकते, खिळ्याला घासते आणि एकदम चिरते. चिरलेल्या ट्यूबला लिक्विड बुजवू शकत नाही. हवा तारांच्या भोकांतून क्षणात निघून जाते. अशा गाडीने लिक्विडच्या भरवशावर हमरस्त्याला लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका तरुण सभासदाने आम्हाला हटकले, “अहो साहेब, सरकारनेच स्टेपनीऐवजी लिक्विड चालेल म्हणून सांगितलंय की!” खरे आहे. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. पण तो प्रवासी मोटारींना, टायर ट्यूबलेस असला तर, आणि सोबत दुरुस्तीचा संच व टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असली तरच. हवा उतरली की तिथे समोर दिवा लागतो. शिवाय मोटार चार चाकांवर उभी असते. मोटारींसाठीच्या बऱ्याच संचांवर ऐंशीच्या आत चालवा आणि लवकर दुरुस्ती करून घ्या, असे छापलेले असते. मोटारसायकलला दिवा नाही आणि तिसरे चाकही नाही. २०१८ मध्ये केंद्राने चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल मर्यादाच ऐंशीची ठरवली. ती चांगल्या टायरसाठी आहे, बोळा बसवलेल्या टायरसाठी नव्हे.

तेव्हा सुधारलेला सल्ला असा. शिवारात, गटात, कारखान्याच्या रस्त्याला लिक्विड अवश्य वापरा. डबीवर टायरच्या मापाप्रमाणे प्रमाण दिलेले असते, तेवढेच घाला. खतासारखे मूठभर जास्त नको. जुने वाळून जाते, ते धुवून काढून मगच नवे भरावे. हमरस्त्याला जायचे असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दोन्ही चाके हाताने सावकाश फिरवून पाहा. खिळा दिसला तर पंक्चरवाल्याकडे टायर उतरवून आतून पॅच मारून घ्या. बाहेरून रबराची वात खुपसणे हीसुद्धा तात्पुरतीच गोष्ट आहे. लिक्विड भरलेला टायर उघडायला पंक्चरवाले कुरकुर करतात, कारण सगळे पुसल्याशिवाय पॅच चिकटत नाही. त्यांना चार पैसे जास्त द्यावेत. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. पुढच्या चाकात काहीही घुसलेले असेल तर त्या दिवशी एस.टी. बरी.

आणि चालत्या गाडीत टायर बसलाच तर घाबरून ब्रेक दाबू नये. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरावे, मूठ हळू सोडावी, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. ब्रेक लावायचाच झाला तर बसलेल्या चाकाचा नको, दुसऱ्या चाकाचा, तोही अलगद.

थोडे घरचेही बोलतो. शेतकी खात्याच्या कर्मचाऱ्यांना लिक्विडच्या डब्या एकगठ्ठा घेऊन दिल्या जातात. त्याचे बिल बिनबोभाट मंजूर होते. पॅचचे बिल मात्र “किरकोळ” म्हणून परत येते. मग पोरे खिळा काढत नाहीत, वरून आणखी औषध ओततात. डबीचे पैसे मिळत असतील तर पॅचचेही मिळाले पाहिजेत. तसेच गाडीतळावर पत्र्या मारण्याचे काम चालते, तिथे जुने खिळे मातीत पडू न देता डब्यात टाकावेत, म्हणून नालबंद मंडळींना एकेक पत्र्याचा डबा द्यावा. त्याला खर्च तो काय?

गाडीतळावरचा ट्रॅक्टरसाठीचा कॉम्प्रेसर सकाळी सात ते नऊ सभासदांच्या गाड्यांसाठी खुला ठेवावा, अशी मागणी आम्ही केली आहे. ती मंजूर होईपर्यंत आमचा स्वतःचा हवेचा काटा गट ऑफिसात टेबलाच्या डाव्या खणात ठेवला आहे. कोणीही वापरावा, फक्त परत खणात ठेवावा. याआधीचा एक जण घेऊन गेला तो अजून आलेला नाही.

— ऊस विकास अधिकारी