पहिली चूक दुधी भोपळ्यावर

येलदरीच्या धरणावर उभे राहिले की पूर्णेचे अडवलेले पाणी नजरेत मावत नाही. अशा धरणाचा सांडवा टिकेल का, हे काही पूर आल्यावर पाहायचे नसते. म्हणून तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात सांडव्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर पाणी सोडून पाहतात. माणसाच्या हाडाबाबत मात्र आपण इतके सावध नसतो!

येलदरीतली एखादी आजी अंगणात घसरते, खुब्यापाशी हाड मोडते. जीपने जिंतूर, तिथून शहरातले मोठे सरकारी रुग्णालय. तिथे ड्रिल धरणारा शिकाऊ डॉक्टर कदाचित आयुष्यातला पहिलाच स्क्रू बसवत असतो. शेजारी वरिष्ठ असतात, हे खरे. पण हात त्याचा असतो आणि हाड आजीचे. पैसेवाल्याच्या वाट्याला सहसा मुरलेला हात येतो. शिकण्यासाठी देह पुरवतो तो गरीब.

हाडाची अलीकडची भिंत टणक, आत पोकळी, मग पलीकडची भिंत. ती पार होताच ड्रिल थांबलेच पाहिजे. पुढे रक्तवाहिनी नाही तर मज्जातंतू असू शकतो. हे थांबणे पुस्तक वाचून येत नाही. सुताराला गिरमिट फिरवताना कळते, तसे ते हातालाच कळावे लागते. प्लास्टिकच्या हाडावर ते शिकता येते. प्लास्टिकला रक्त येत नाही, हा आक्षेप बरोबरच आहे. पण ते कळवळतही नाही.

दुसरा सराव डोक्याचा. कोणत्या पायरीनंतर कोणती, तार तिरकी गेली तर एक्स-रेच्या पडद्यावर काय दिसेल, मग काय करायचे, हे मोबाइलवरही घोकता येते. त्याला कोटींची यंत्रे लागत नाहीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या (येलदरीशी नामसाधर्म्य निव्वळ योगायोग) २००२ च्या प्रयोगात पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी संगणकावर सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्यांच्या चुका सहापट होत्या. ते हाड नव्हते, पण हात माणसाचेच होते.

यात परदेशी काय आहे? सुश्रुताने शिष्यांना आधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी कापायला लावले होते आणि पट्टी बांधायला कापडी बाहुला दिला होता. २०१९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक झाली. आता अस्थिरोगाच्या पदव्युत्तर शिक्षणातही नियम हवा: प्लास्टिकच्या हाडावर परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्णावर ड्रिल नाही. परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे इमारतींचे नकाशे निघतील तेव्हा या सरावाच्या खोलीची जागा आधी आखून घ्या.