संवादाचा गळा आवळणारे संगीत

‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’ या जोडशब्दाचे संक्षिप्त रूप. दिवसाचे काम आटोपून इंग्लंडमधील माणसे तेथे जमत ती पिण्यासाठी खरीच, पण तितकीच बोलण्यासाठीही. मद्यपानाविषयी येथे वाचकांना वेगळे सांगायला नको. आजचा मुद्दा निराळा आहे. पुण्यातील कोरेगाव पार्क किंवा मुंबईत जेथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत ते लोअर परळ, येथील पबवाल्यांनी साहेबाकडून नाव उचलले, पेला उचलला आणि संभाषण तेवढे वगळले!

१९४६ मध्ये जॉर्ज ऑरवेल या लेखकाने लंडनच्या ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या मनातील आदर्श पबचे वर्णन केले होते. त्यात रेडिओ नव्हता, पियानोही नव्हता. माणसांना निवांत बोलता यावे एवढी शांतता मात्र होती. त्याच इंग्लंडात लादलेल्या पार्श्वसंगीताविरुद्ध ‘पाइपडाउन’ ही चळवळ उभी राहिली आणि २०१६ मध्ये ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ने आपल्या दुकानांतील संगीत बंद केले. आमच्या अनुकरणवीरांना हे इंग्लंड दिसत नाही.

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नव्हे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ९० डेसिबलचे संगीत बोलण्याच्या हजारपट! अशा गदारोळात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्येच दाखवून दिले. एक टेबल ओरडते म्हणून दुसरे ओरडते, मग संगीत आणखी चढते. स, फ, थ यांसारखी दुबळी व्यंजने आधी बुडतात. उरतात ते स्वर आणि न ऐकलेल्या विनोदावरचे हसू.

‘तरुणांना हेच हवे असते’ हा ठरलेला युक्तिवाद. आवाजाची कळ तरुणांच्या हाती असते काय? ती गल्ल्यामागे असते. गिऱ्हाईक फार तर दोन तासांनी उठून जाते; पण तेथे रोज राबणाऱ्या वाढप्याच्या कानांचे काय? ब्रिटनमध्ये कामाच्या जागी सरासरी आवाज ८५ डेसिबलवर गेला की कर्मचाऱ्याच्या कानांचे रक्षण ही मालकाची कायदेशीर जबाबदारी ठरते आणि २००८ पासून हा नियम पबनाही लागू आहे.

आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी घातली, पण बंदिस्त सभागृहे आणि मेजवानीची दालने त्यातून वगळली. त्या दालनांत पबवाले जात नाहीत, आपण जातो. सनई-चौघड्याच्या सुरांतही व्याह्यांच्या गप्पा रंगत. आता आपल्याच मंगल कार्यालयांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि पंगतीतल्या आजोबांना ‘जिलबी वाढू का?’ हे खुणेने विचारावे लागते.