चाळीस दिवसांची दुल्हन

निकाहाची तारीख ठरली की खाला म्हणते, फूफी म्हणते, शरारा शिवणारीही म्हणते, "थोडी बारीक झालीस तर छान दिसशील." मुलगी उलट उत्तर देत नाही. ती मोबाइल उघडते, आणि तिथे चाळीस दिवसांत बारीक करणारी इंजेक्शने आणि थेंबांच्या बाटल्या तिची वाटच पाहत असतात.

या इंजेक्शनात असते एचसीजी. स्त्री गरोदर राहिली की शरीरात तयार होणारे हे हार्मोन. गरोदरपणाची घरगुती तपासणी करणारी पट्टी लघवीत हेच शोधते, आणि औषधासाठीही ते बहुधा गरोदर स्त्रियांच्या लघवीतूनच काढतात. (हे चालते का, हा सवाल मौलाना साहेबांना जरूर विचारा, आम्ही इथे शरीरापुरतेच बोलतो.) डॉक्टर ते वंध्यत्वाच्या उपचारात वापरतात. तिथे ते कामाचे आहे.

वजनासाठी ते आले डॉ. सिमियन्स यांच्यामुळे. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नाहीत. १९३० च्या दशकात ते हिंदुस्थानात आले, मुंबईत राहिले, कोल्हापूरकडे कुष्ठरोग्यांसाठीही त्यांनी काम केले. इथेच काही लठ्ठ मुलांना एचसीजी देताना त्यांना वाटले की मुलांची भूक कमी होते. पुढे रोमला जाऊन १९५४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पद्धत मांडली: रोज १२५ युनिटचे इंजेक्शन आणि दिवसाला फक्त ५०० कॅलरी.

५०० कॅलरी म्हणजे किती? दिवसभरात तीन चपात्या आणि वाटीभर डाळ. बस. बैठे काम करणाऱ्या बाईला रोज साधारण १,६०० ते १,७०० लागतात. म्हणजे वजन उतरते ते उपासमारीने. नंतरच्या डॉक्टरांनी काही जणांना एचसीजी आणि काहींना नुसते मिठाचे पाणी टोचून पाहिले. जेवण सारखेच ठेवले, तर वजनही सारखेच उतरले. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी असे २४ अभ्यास तपासले आणि लठ्ठपणावर एचसीजीचा उपयोग होतो याला पुरावा नाही, असे सांगितले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर १९७० च्या दशकातच या औषधाच्या वेष्टनावर तसे छापायला लावले होते, आणि २०११ मध्ये 'होमिओपॅथिक' म्हणून एचसीजीचे थेंब विकणाऱ्या सात कंपन्यांना नोटिसा दिल्या. धंदा मात्र थांबला नाही.

नुकसान दोन बाजूंनी होते. एवढ्या कमी खाण्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होतात, रक्तातले क्षार बिघडून हृदयाचे ठोके चुकू शकतात. इंजेक्शनाचे वेगळेच: बीजकोश सुजणे, रक्ताच्या गुठळ्या होणे. आणि वजन? खाणे सुरू झाले की बहुतेकींचे परत येते.

आमच्या शाळेच्या पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा एक बाई म्हणाल्या, "सर, आम्ही रमजानचे तीस रोजे ठेवतो, मग चाळीस दिवसांचे काय एवढे?" प्रश्न चांगला होता. रोज्यात सहरी आहे, इफ्तार आहे, आजाऱ्याला आणि मुसाफिराला सूट आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोजच रोजा ठेवून रात्रभर इबादत करू लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना अडवले आणि शरीराचाही हक्क आहे याची आठवण दिली. ते तर इबादत करत होते. इथे नीयत शराऱ्याच्या मापाची आहे.

हाच प्रकार थायरॉइडच्या गोळ्यांचा. थायरॉइड ठीक असताना वजनासाठी त्या घेतल्या तर हृदयावर येते; काही देशांत त्यांच्या माहितीपत्रकावर तशी ठळक सूचनाच असते. शेजारणीचे वजन त्या गोळीने उतरले असेल, पण तिला आजार होता.

मुलीचे वजन खरेच जास्त असेल, पाळी अनियमित असेल, तर आधी पीसीओएस आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. सहा महिने हातात असतील तर रोजचे चालणे आणि ताटातला भात, तेल, मिठाई कमी करणे पुरेसे काम करते. सहा महिने नसतील तर शरारा दोन इंच सैल शिवायला सांगा.

आणि कोणी हे इंजेक्शन आधीच घेत असेल, तर पोटात जोराची कळ, धाप, एका पायाला सूज यांपैकी काहीही झाले तर लगेच दवाखान्यात न्या आणि इंजेक्शनाचे नाव डॉक्टरांना सांगा. मुलगी घाबरून लपवील. पण डोस मोठा असेल तर गरोदरपणाची तपासणी खोटा होकार देऊ शकते. निकाहाला पंधरा दिवस उरलेल्या मुलीच्या हातात तो कागद पडला, तर खाला आणि फूफी काय बोलतील, हे आपल्या घरांना सांगायला नको. इंजेक्शनाचे नाव डॉक्टरांना आधीच माहीत असेल, तर ते रक्ताची तपासणी पुन्हा करतील, सोनोग्राफी करतील, आणि बोलण्याची वेळच येणार नाही.