डिस्चार्ज कार्डावर एक पान जेवणाचं

मा. आरोग्यमंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



अर्धांगवायूच्या रुग्णाला घरी सोडताना जे कार्ड हातात पडतं, त्यावर गोळ्यांची नावं असतात, रक्तदाबाचे आकडे असतात, पुन्हा दाखवायला यायची तारीख असते. त्याला भरवायचं कसं, हे नसतं. माझ्या वडिलांच्या कार्डावर त्या जागी ‘सॉफ्ट डाएट’ एवढंच लिहिलं होतं. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, ‘वरण-भात द्या, हलकं द्या.’ वॉर्ड भरलेला होता, त्यांना दोष देत नाही.

पण गोष्ट हलक्या-जडाची नाहीच. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत ओसरतो, सगळ्यांचा नाही. घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींना ठसकाही येत नाही, कारण घशाची जाणीवच बोथट झालेली असते. मग ताप चढतो, छाती भरते, घरातलं कुणीतरी ‘पंख्याखाली झोपवलं म्हणून झालं’ असं ठरवून टाकतं आणि न्यूमोनिया घेऊन माणूस पुन्हा त्याच वॉर्डात येतो.

आता स्वयंपाकघरात या. पातळ वरण आणि मोकळा भात हा आपल्याकडे आजारी माणसाचा हक्काचा घास. या रुग्णाला मात्र तोच त्रासदायक ठरू शकतो. वरणाचं पाणी आधी पळतं, शितं मागे राहतात, आणि दुबळ्या घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. तोच भात गुरगुट्या शिजवून, वरण-तूप घालून रवीने घोटला की एकजीव होतो, चमच्यावर धरून राहतो. दुधात कुस्करलेल्या पोळीचीही तीच अडचण. कुरमुरे, लाह्या, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट तर दूरच ठेवावं. आणि बहुतेकांना ठाऊक नसतं की अनेकांना सगळ्यांत अवघड जातं ते साधं पाणी. ‘घास अडकला, पाण्याने उतरवा’ हे आपल्या हाडात भिनलेलं आहे, त्यामुळे भरवणारा अगदी मायेने नेमकं नको ते करतो.

पातळ पदार्थ दाट करायच्या पावडरी मिळतात, पण त्या महाग, आणि तालुक्याच्या औषध दुकानात सहसा नसतात. नाचणीचं सत्त्व, आंबील, पेज घरात असते, पण शिजवलेलं पीठ गार होताना घट्ट होतं आणि लाळ लागली की पुन्हा सैल पडतं. म्हणून दाटपणा भरवतानाच पाहावा लागतो. त्यासाठी जगभर मान्य असलेली एक साधी पद्धत आहे. ठरावीक लांबीची १० मिलीची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खाली बोट लावून भरायची. बोट काढून १० सेकंद मोजायचे आणि परत बोट लावायचं. किती उरलं त्यावरून दाटपणा ठरतो. साहेब, हे शिकवायला फारसा वेळ लागत नाही. मात्र सरसकट सगळ्यांना ‘दाट द्या’ असं कार्डावर छापू नका. दाट पाणी माणसं कमी पितात आणि अंगातलं पाणी कमी पडतं. कुणाला किती दाट, हे तपासूनच ठरायला हवं.

भेटायला येणाऱ्यांचं तर वेगळंच प्रकरण. शहाळं येतं, पेढा येतो, कुणी देवाचं तीर्थ आणतं. झोपलेल्या माणसाच्या ओठाशी पळी नेणाऱ्या आत्याबाईंना नाही कसं म्हणायचं? डॉक्टरांच्या सहीचं जेवणाचं पान भिंतीवर असेल तर म्हणता येतं.

त्या पानावर काय हवं, तेही सांगते. ताठ बसवून भरवा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करू नका. चमचा लहान. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो बोटाला फडकं गुंडाळून काढा. तोंड रोज नीट स्वच्छ करा, कारण छातीत जाणाऱ्या लाळेबरोबर तोंडातले जंतूही जातात. जेवताना आवाज ओला, घोगरा झाला तर थांबा. कुठली गोळी कुटायची नाही, हे औषधाच्या नावासमोरच लिहा, कारण काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. भरवण्यासाठी नाकात नळी घातलेली असेल तर तिच्यावरची खूण नाकपुडीशी कुठे आहे ते आखून द्या, आणि खूण सरकलेली दिसली तर काही घालू नका, असं ठळक छापा.

पान छापणं सोपं आहे, तपासणारा माणूस कुठून आणायचा, असं आपले अधिकारी विचारतील. गिळण्याची पहिली चाचणी प्रशिक्षित परिचारिका करू शकते. झटक्याच्या रुग्णाच्या तोंडात पाण्याचा पहिला घोट किंवा गोळी जाण्याआधीच ती व्हायला हवी. पुढची तपासणी स्पीच थेरपिस्टची. (‘बाबा बोलतात की नीट, मग स्पीच थेरपिस्ट कशाला?’ हे आमच्याच घरात विचारलं गेलं.) २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांत हे पद मुलांसाठी आहे. जिथे ते भरलेलं आहे, तिथे आठवड्यातली एक दुपार मोठ्यांच्या वॉर्डासाठी काढता येईल. जिथे रिकामं आहे, तिथे ते भरा, मुलांचंही भलं होईल.

आणि एक. कार्ड घ्यायला सहसा मुलगा येतो, घरी भरवते सून, बायको नाहीतर मुलगी. डिस्चार्जच्या आधी जी भरवणार आहे तिला बोलावून एक जेवण वॉर्डात तिच्या हातून भरवून घ्या, परिचारिकेच्या देखत. आशाताईंच्या घरभेटीत तेच पान पुन्हा पाहिलं जावं. आणि रात्री अकरा वाजता नळी निघाली तर कुणाला फोन करायचा, तो क्रमांक पानाच्या वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एका रुग्णाची मुलगी