आधी वही, मग कॅमेरा

गेल्या हिवाळ्यात सोनगीरच्या नववीतल्या एका मुलाने मला मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. एक मोठा तपकिरी पक्षी पंख मागे ओढून, मान ताणून, बाणासारखा समुद्रात झेपावतो आहे, असे ते चित्र होते. मुलगा म्हणाला, "गुरुजी, हा पक्षी आपल्याकडे केव्हा येतो? मला त्याचा असाच फोटो काढायचा आहे." मी सांगितले, की हा तपकिरी पेलिकन. तो अमेरिकेच्या किनाऱ्यांवर राहतो, भारतात येत नाही. त्याचा चेहरा उतरला. शेजारी उभा असलेला त्याचा मित्र अहिराणीत म्हणाला, "आठे समुद्रच कोठे शे?"

खरेच आहे. सोनगीरहून समुद्र गाठायचा तर दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागेल. पण त्या मुलाच्या निराशेचे मूळ समुद्राच्या अंतरात नव्हते. त्याच्या मनात दोन समजुती पक्क्या बसल्या होत्या. एक, पाहण्याजोगा पक्षी म्हणजे दुर्मिळ आणि दूरचा पक्षी. दुसरी, पक्ष्याचा फोटो मिळाला म्हणजे पक्षी पाहून झाला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत असे माझे मत आहे, आणि ते पटवण्यासाठी मी त्याच तपकिरी पेलिकनची साक्ष काढणार आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. पेलिकनला आपल्याकडे झोळीवाला म्हणतात, कारण त्याच्या लांब चोचीखाली कातडीची मोठी झोळी असते. भारतात या कुळातले तीन पक्षी दिसतात. त्यांपैकी पांढरा झोळीवाला हिवाळ्यात गुजरातच्या सरोवरांवर मोठ्या संख्येने येतो, आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या जलाशयांवरही अधूनमधून उतरतो. आपले हे पेलिकन पाण्यावर पोहत, कधी अर्धवर्तुळ करून मासे उथळ पाण्याकडे हाकलतात आणि झोळीने उपसतात. तपकिरी पेलिकनची तऱ्हा वेगळी. तो उंचावरून मासा हेरतो आणि सरळ पाण्यात बुडी मारतो. पाण्याचा तडाखा सोसावा म्हणून त्याच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात. झोळीत माशाबरोबर कित्येक लिटर पाणी शिरते. ते निथळून जाईपर्यंत त्याला मासा गिळता येत नाही, आणि तेवढ्या वेळात एखादा कुरव पक्षी त्याच्या डोक्यावर बसून चोचीतला मासा पळवायला बघतो!

आता विचार करा. या सगळ्यातले त्या एका छायाचित्रात किती होते? फक्त झेप. बुडीनंतर मासा मिळाला की नाही, हे चित्र सांगत नाही. प्रौढ पेलिकनच्या बुड्या तरुण पेलिकनपेक्षा जास्त वेळा यशस्वी होतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ते कळले कसे? कोणीतरी किनाऱ्यावर बसून, डोक्याच्या रंगावरून प्रौढ आणि तरुण ओळखून, एकेक बुडी वहीत मांडली म्हणून. कंटाळवाणे काम आहे, हे मी मान्य करतो. पण बुडी मारायलाही शिकावे लागते, जन्मतः ती पूर्ण येत नाही, एवढी मोठी गोष्ट त्या कंटाळवाण्या कामातून हाती आली.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अॅनाकापा नावाचे बेट आहे. तपकिरी पेलिकनची तिथे मोठी वसाहत असते. १९७० साली पाचशेहून अधिक जोड्यांनी तिथे घरटी केली, आणि त्या सगळ्यांत मिळून पिल्लू वाचले फक्त एक. घरट्यांत सापडली ती चेपलेली, फुटलेली अंडी. लुइझियाना राज्य तर स्वतःला पेलिकनचे राज्य म्हणवते, पण तिथून हा पक्षी १९६०च्या दशकात पार नाहीसा झाला होता, आणि १९६८पासून फ्लोरिडातून पिल्ले आणून तो पुन्हा वसवावा लागला.

अंडी का फुटत होती? इथे मला सोनगीरच्या तांबटांची मदत घ्यावी लागणार आहे. आपले गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. समजा, एकाच मापाचे दोन हंडे समोर आहेत आणि एकाचे वजन दुसऱ्याच्या पाऊणपट आहे. हंडा न कापता, पत्र्याला हात न लावता तुम्ही सांगाल, की हलक्या हंड्याचा पत्रा पातळ आहे. माप तेच आणि वजन कमी, म्हणजे जाडी कमी. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६७ साली नेमके हेच केले, पण हंड्यांऐवजी अंड्यांवर. इंग्लंडात पूर्वी अंडी जमवण्याचा छंद फार होता. अंड्याला भोक पाडून आतला बलक काढून टाकायचा, आणि कवचावर ठिकाण व तारीख लिहून ते पेटीत ठेवायचे. छंद वाईटच होता, पण त्या लोकांनी तारखा मात्र चोख लिहिल्या होत्या. रॅटक्लिफने बहिरी ससाण्याच्या जुन्या-नव्या अंड्यांची कवचे तोलली, त्यांची लांबी-रुंदी मोजली, आणि कवचाच्या वजनाला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागले. आलेला आकडा कवचाच्या जाडीचा निदर्शक होतो. पाहतो तो १९४७च्या सुमारास हा आकडा एकाएकी खाली आलेला! कवच जवळजवळ एकपंचमांशाने हलके झाले होते. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत हिकी आणि अँडरसन यांनी शिकारी आणि मासेखाऊ पक्ष्यांच्या अंड्यांवर असेच काम प्रसिद्ध केले आणि तिथेही तोच प्रकार आढळला.

१९४५-४६नंतर जगात सर्वत्र नवे काय पसरले होते? डीडीटी. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठते, आणि लवकर मोडतही नाही. लॉस एंजेलिसजवळच्या डीडीटीच्या एका कारखान्याचे सांडपाणी शहराच्या गटारांतून समुद्रात जात होते. सूक्ष्म जीवांतून ते लहान माशांत आणि माशांतून पेलिकनमध्ये पोचले, आणि प्रत्येक पायरीला त्याची मात्रा वाढत गेली. त्याच्यापासून शरीरात तयार होणारे डीडीई हे द्रव्य मादीच्या कवच घडवणाऱ्या ग्रंथीला पुरेसे कॅल्शियम मिळू देत नाही. त्यातून पेलिकनची अंडी उबवण्याची रीत अशी, की तो आपले पातळ पडदे असलेले पाय अंड्यांवर ठेवून त्यांना ऊब देतो. पक्ष्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास. जाड कवच हा भार सहज पेलते, पातळ कवच पेलत नाही. आईच्याच पायाखाली अंडे चेपत होते.

डीडीटीला नुसता खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलरला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नाही. १९५३ साली आपल्या देशात हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती डीडीटीच्याच बळावर. तुमच्या आजोबांना विचारा. फवारणी करणारे लोक भिंतीवर तारीख लिहून जात, हे त्यांना आठवत असेल. हिवतापाने मरणारी पुष्कळ माणसे त्यामुळे वाचली. शेतीत मात्र त्याचा वापर भारतात १९८९ साली बंद करण्यात आला. अमेरिकेत १९७२ साली बंदी आली, पेलिकनची संख्या हळूहळू वाढली, आणि २००९ साली तपकिरी पेलिकनचे नाव तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढले गेले.

आता माझा मुद्दा पाहा. पक्षी वाचला तो कशामुळे? सुंदर छायाचित्रांनी लोकांची मने वळवली असतील, ते मी नाकारत नाही. पण रोग ओळखला तो तारखांनी, वजनांनी आणि घरट्यांच्या मोजणीने. अॅनाकापावर कोणी घरटी मोजली नसती, तर हजारो प्रौढ पक्षी उडताना पाहून सगळे आलबेल आहे असेच वाटले असते. पेलिकन पुष्कळ वर्षे जगतो. पिल्ले होणे थांबले तरी आकाश काही वर्षे भरलेलेच दिसते.

तर मग कॅमेरा नकोच का? तसे माझे म्हणणे नाही. पाण्यावर पाचशे बदकांचा थवा असेल, तर त्याचे चित्र घ्या, घरी ते मोठे करून त्यावर चौकोन आखा आणि एकेका चौकोनातले पक्षी मोजा. नजरेच्या अंदाजात केवढी चूक होते, ते कळेल. अनोळखी पक्षी दिसला तर चोचीचे, पायांचे चित्र ओळख पटवायला उपयोगी पडते. परंतु तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या यांच्याविना चित्र म्हणजे नुसती भिंतीवरची शोभा. वीस वर्षांनी त्याच्यावरून कोणाला काही काढता येणार नाही.

आणि एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. काही वर्षांपूर्वी एका जलाशयावर मी काही हौशी मंडळी पाहिली. थवा शांतपणे चरत होता. उडत्या पक्ष्यांचे चित्र हवे म्हणून त्यांनी नाववाल्याला नाव थेट थव्यात घालायला सांगितली. पक्षी उठले, चित्रे निघाली, मंडळी खूश! तासाभरात असे तीनदा झाले. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे चरायला आणि अंगात चरबी साठवायला येतो. परतीच्या प्रवासाचे ते त्याचे इंधन असते. ते आपण एका चित्रासाठी जाळायला लावतो. घरट्यांजवळ तर गोष्ट आणखी बिकट. पेलिकनच्या वसाहतीत माणूस शिरला की प्रौढ पक्षी उडून जातात, आणि मागे उघडी पडलेली अंडी-पिल्ले उन्हाने तरी मरतात किंवा कुरव पक्षी तरी ती खातात. म्हणून घरट्याचे छायाचित्र शाळेच्या प्रदर्शनात लावूच नये, असे मी शिक्षकांना सुचवतो. त्याला बक्षीस दिले, तर पुढच्या वर्षी दहा मुले घरटी शोधत फिरतील. आपण फार जवळ गेलो हे ओळखायचे कसे? पक्षी खाणे थांबवून मान उंच करून तुमच्याकडे पाहू लागला, की तिथेच थांबा आणि दोन पावले मागे या.

माणूस आणि पेलिकन शेजारी राहूच शकत नाहीत असे मात्र नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेल्लूर नावाचे गाव आहे. तिथे ठिपकेवाल्या चोचीचे पेलिकन आणि रंगीत करकोचे थेट गावातल्या झाडांवर, घरांच्या अंगणात घरटी करतात. गावकरी म्हणतात, की या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी. माहेरवाशिणीला कोणी दगड मारतो का? त्यांच्या विष्ठेचे खत शेताला मिळते, आणि पक्ष्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते म्हणून झाडाच्या मालकाला वनखात्याकडून भरपाईही देण्यात आली. भावना आणि हिशेब, दोन्ही तिथे जुळले. २००७ साली ते सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

सोनगीरच्या मुलांनी काय करावे? अंड्याचा प्रयोग घरीच होईल. रानपक्ष्यांच्या अंड्यांना हात लावायचा नाही, १९७२च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कोंबडीचे अंडे घ्या. व्हर्नियर कॅलिपरने लांबी-रुंदी मोजा. समजा ५६ आणि ४३ मिलिमीटर भरली. कवच धुऊन वाळवून प्रयोगशाळेतल्या तराजूत तोला. साडेपाच ग्रॅम म्हणजे ५५०० मिलिग्रॅम भरले, तर ५५०० भागिले २४०८, म्हणजे सुमारे २.३. गावठी कोंबडी आणि पोल्ट्रीतली कोंबडी यांच्या वीस-वीस अंड्यांचा असा आकडा काढा आणि फरक पडतो का, ते पाहा. शिक्षकांना वाचताना हे किरकोळ वाटेल, पण वीस अंड्यांनंतर सरासरी म्हणजे काय, ते मुलांना फळ्यावर शिकवावे लागणार नाही.

बुडी मारणारा पक्षीही जवळच आहे. काळ्या-पांढऱ्या रंगाचा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली झेपावतो. धुळ्याच्या नकाणे तलावावर किंवा गावाजवळच्या एखाद्या पाझर तलावावर काठापासून दूर बसून तो पाहता येतो. पोहता येत असो वा नसो, पाण्याजवळ एकट्याने जाऊ नका.

त्या नववीतल्या मुलाला मी एक दुरेघी वही दिली. तीन आठवड्यांनी त्याने ती आणून दाखवली. फोटो एकही नव्हता. पहिल्या पानावर असे लिहिले होते: 'रविवार. सकाळी ७.४० ते ८.२०. कवड्या खंड्या १. बुड्या ११, मासा ४ वेळा. ८.१० नंतर वारा सुटला, पाण्यावर लाटा. बुडी नाही.' शेवटच्या ओळीपुढे त्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते, आणि खाली लिहिले होते, की पुढच्या वेळी वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम जायचे.