प्राइसपासून बकहॉर्नपर्यंत

अमेरिकेच्या युटा राज्यात गेलेली भारतीय कुटुंबे बहुधा आर्चेसच्या खडक-कमानी आणि झायनची दरी पाहून परततात. वाटेत आय-७० महामार्गाच्या दुतर्फा पसरलेला सॅन राफेल स्वेल हा खडकाळ उंचवटा मोटारीच्या काचेतूनच मागे पडतो. एक दिवस राखून ठेवला, तर मात्र पृथ्वीच्या जुन्या हिशेबाची वही येथे उघडी सापडते.

प्रारंभ प्राइस या गावापासून करावा. कोळशाच्या खाणींवर वाढलेल्या या गावाच्या नावाचा इंग्रजी अर्थ व्यापारी घरात कोणाला सांगावयास नको. येथील विद्यापीठाचे प्राचीन जीवांचे संग्रहालय सकाळी पाहून घ्यावे, गाडीची टाकी काठोकाठ भरावी आणि पाणी व डबा बरोबर घ्यावा. पुढे दिवसभर दुकान नाही, पंप नाही आणि बराच वेळ मोबाइललाही संपर्क नाही.

सुमारे ५० किलोमीटरवर क्लीव्हलँड-लॉइड ही डायनासोरच्या हाडांची खाण आहे. शेवटचा टप्पा खडीचा. जवळच्या क्लीव्हलँड गावाच्या नावाला येथे माल्कम लॉइड या फिलाडेल्फियाच्या वकिलाचे नाव जोडलेले आहे. १९३९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने सुरू केलेल्या उत्खननासाठी त्यांनी दहा हजार डॉलर दिले होते. दात्याचे नाव संस्थेला देण्याची रीत आपल्याकडेही आहे. खाणीला दिलेले मात्र क्वचितच आढळेल. २०१९ मध्ये ही जागा ‘जुरासिक राष्ट्रीय स्मारक’ म्हणून घोषित झाली. ती वर्षातील काही महिने आणि ठरावीक वारीच उघडी असते, हे आधी पाहून निघावे.

येथून बारा हजारांहून अधिक हाडे निघाली आहेत. ती किमान ७४ प्राण्यांची, आणि त्यांपैकी निदान ४६ एकट्या ॲलोसॉरस या मांसभक्षकाचे. सर्वत्र तृणभक्षक पुष्कळ व मांसभक्षक थोडे असतात. येथे प्रमाण नेमके उलटे. कोणी म्हणाले, चिखलात रुतलेल्या भक्ष्याच्या मागे शिकारीही रुतले. कोणी दुष्काळाकडे बोट दाखवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळी बाजू मांडली. हाडांवर दातांचे ओरखडे फारच थोडे आहेत. तेव्हा कुजणाऱ्या देहांनी डबक्याचे पाणी इतके दूषित झाले असावे की लचके तोडणारेही तेथे फिरकले नाहीत. हा तर्क बांधता आला तो हाडे कोठे, कशी, कोणत्या चिखलात पडली होती याच्या नोंदींमुळे. कपाटात शोभेसाठी ठेवलेले हाड यातले काहीच सांगू शकले नसते. म्हणूनच खाणीवर छप्पर घालून काही हाडे आजही जागच्या जागी राखली आहेत.

हाच मॉरिसन नावाचा खडकाचा थर शेजारच्या कोलोरॅडोतही आहे. तेथे खासगी जमिनीत निघालेला स्टेगोसॉरसचा ‘एपेक्स’ हा सांगाडा जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४ कोटी ४६ लाख डॉलरना गेला. खासगी जमिनीतील जीवाश्म हा अमेरिकन कायद्याने जमीनमालकाचा माल आहे. सरकारी जमिनीवर मात्र पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचे हाड, दात वा पाऊलठसा परवान्यावाचून उचलणे हा गुन्हा आहे, आणि परवाना मिळतो तो संशोधनासाठी. दगड झालेले लाकूड स्मारकाबाहेरच्या सामान्य सरकारी जमिनीवरून दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंडांपर्यंत नेता येते. तेही घरी ठेवावयास, विकावयास नव्हे. वजनकाटा कायद्यातच लिहिलेला आहे, हे वाचून काही वाचकांना गंमत वाटेल.

कायदा असूनही २०१४ च्या फेब्रुवारीत मोआब गावाजवळ एकाने तीन बोटांचा डायनासोरचा ठसा खडकासकट उचकटून नेला. तपास सुरू होताच तो कोलोरॅडो नदीत टाकला गेला. पाणबुड्यांनी नदीचा तळ धुंडाळला. ठसा मिळाला नाही.

दुपारी वेज या कड्यावर जावे. पायांखाली तीनशे मीटरहून खोल दरी, तळाशी सॅन राफेल नदीची बारीक रेघ. कठडा मात्र नाही. मुलांचा हात सोडू नये. तेथून बकहॉर्न वॉशची कच्ची वाट खाली उतरते. खाणीतील खडक सुमारे पंधरा कोटी वर्षांचा. या वाटेवर गाडी जसजशी उतरते तसतसा खडक जुना होत वीस कोटी वर्षांपर्यंत जातो. भिंती उंचावतात, लाल होतात. पाऊस असेल तर या रस्त्याचा विचारही करू नये. ओली माती चाकांना धरू देत नाही आणि दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या ओढ्यात अचानक येतो.

वाटेत एका खडकभिंतीवर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रंगवलेल्या, पंख असल्यासारख्या मानवाकृती आहेत. त्यांवर प्रवाशांनी आपापली नावे कोरली होती. राज्याच्या शताब्दीनिमित्त १९९५ च्या सुमारास तज्ज्ञांनी ती मोठ्या कष्टाने पुसली. जवळून पाहिल्यास काही खुणा अजून दिसतात.

पुढे १९३७ चा झुलता पूल लागतो. आता त्यावरून पायीच जाता येते, गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात. तेथून तासाभरात आय-७० गाठता येतो. पूर्वेला ग्रीन रिव्हर गाव आहे. पश्चिमेकडे वळणाऱ्याने मात्र काट्याकडे पाहावे: ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे १७५ किलोमीटरच्या पट्ट्यात एकही पंप नाही.