पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली आहे. वाटसरूंना लुटून तो बायकामुलांचे पोट भरीत असे. नारदमुनींनी त्याला एकच प्रश्न विचारला, की ज्यांच्यासाठी तू हे करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्याने घरी जाऊन विचारताच सर्वांनी कानांवर हात ठेवले आणि त्याचे डोळे उघडले. ज्याचे पाप त्याच्याच माथी, असे या कथेचे तात्पर्य आपण सांगतो. परंतु आजच्या काळातील एका गुन्ह्याकडे पाहिले म्हणजे हे तात्पर्य अपुरे वाटू लागते. मुलांच्या पोटासाठी अमली पदार्थांची पिशवी उचलणाऱ्या निराधार मातेची मुले, त्यांना कोणी न विचारताच, तिच्या शिक्षेची वाटेकरी होतात. आणि तिच्या पापाचे जे खरे वाटेकरी, ते मात्र नामानिराळे राहतात.

फिलिपाइन्स देशातील मेरी जेन वेलोसो या स्त्रीचे उदाहरण जगाला ठाऊक आहे. दारिद्र्यामुळे तिचे शिक्षण माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच सुटले. लहान वयात विवाह झाला, दोन मुलगे झाले आणि पुढे ती पतीपासून विभक्त झाली. घरकामासाठी ती दुबईला गेली. परंतु मालकाने अत्याचाराचा प्रयत्न केल्यामुळे मुदतीपूर्वीच परतली. त्यानंतर ओळखीच्याच एका स्त्रीने तिला मलेशियात मोलकरणीचे काम देण्याचे आश्वासन दिले. तेथे पोहोचल्यावर काम नसल्याचे सांगून, हाती एक नवी बॅग देऊन, तिला इंडोनेशियाकडे धाडण्यात आले. एप्रिल २०१० मध्ये योग्यकार्ताच्या विमानतळावर त्या बॅगेच्या अस्तरात २.६ किलो हेरॉइन सापडले. बॅगेत काय आहे हे आपणास ठाऊक नव्हते, असे तिने सतत सांगितले. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिला देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली.

२९ एप्रिल २०१५ च्या मध्यरात्री नुसाकांबांगान बेटावर इतर आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. मेरी जेनचा प्राण मात्र ऐन वेळी वाचला. तिला नोकरीचे आमिष दाखविणारी मध्यस्थ स्त्री आदल्याच दिवशी फिलिपाइन्समध्ये पोलिसांच्या स्वाधीन झाली होती आणि तिच्याविरुद्ध मेरी जेनची साक्ष आवश्यक होती. २०२० मध्ये या मध्यस्थ स्त्रीला, इतर गरजूंना परदेशी नोकरीच्या नावाखाली फसविल्याबद्दल जन्मठेप झाली. डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक कारावासानंतर, मेरी जेनला मायदेशाच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तोवर तिच्या मुलांचे बालपण संपून गेले होते. त्या रात्री तिला गोळी घातली गेली असती, तर तिच्याबरोबर तिची साक्षही कायमची मिटली असती, ही गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते.

अमली पदार्थांच्या व्यापारात अशा वाहकांना इंग्रजीत 'म्यूल', म्हणजे खेचर, म्हणतात. शब्द क्रूर खरा, परंतु यथार्थ आहे. ओझे खेचराच्या पाठीवर आणि नफा धन्याच्या खिशात! मालाचा धनी कोण, तो कोठून आला आणि कोणाकडे जाणार, यांपैकी काहीच वाहकाला सांगितलेले नसते. त्यामुळे तो पकडला गेला तरी धन्यापर्यंत माग पोहोचत नाही. एक वाहक गेला की धनी दुसरा शोधतो. ज्या घरात मिळवते माणूस उरलेले नाही, सावकार दारात आहे आणि मुले उपाशी आहेत, अशा घराचा उंबरठा त्याला बरोबर सापडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. या स्त्रियांपैकी ज्या जाणूनबुजून ओझे उचलतात, त्या काही संन्यासिनी नव्हेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चोर सुटला, एवढे तरी खरेच ना?

येथे कोणी म्हणेल, की त्या विषाने ज्यांची मुले नासली, त्याही माताच नव्हेत काय? हा प्रश्न रास्त आहे. हेरॉइन एका घरात शिरले की त्या घराचा पैसा, शांती आणि अखेर माणूसही घेऊन जाते. म्हणून गुन्हा हा गुन्हाच होय, आणि दारिद्र्य हे त्याला प्रमाणपत्र होऊ शकत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की शिक्षा देताना न्यायाच्या तराजूत केवळ मालाचे वजन पडू नये; माणसाचा वाटाही तोलला जावा.

आपल्या देशातील १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा प्रामुख्याने मालाच्या वजनावर चालतो. हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर ते व्यापारी प्रमाण मानले जाते आणि किमान १० वर्षे सक्तमजुरी व किमान १ लाख रुपये दंड होतो. ज्या बाईने एक लाख रुपये कधी एकत्र पाहिले नाहीत, तिला आणि कोट्यवधींच्या धन्याला किमान शिक्षा एकच! कलम ३७ मुळे अशा खटल्यात जामीन मिळणे अत्यंत दुर्घट असते. आणि कलम ३५ अन्वये, आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार तुरुंगातील मातेजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते. त्यानंतर त्या बालकाने कोणाच्या दारात जावे?

इतर काही देशांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. इक्वेडोरने २००८ मध्ये, दोन किलोपर्यंत माल नेताना प्रथमच पकडल्या गेलेल्या आणि शिक्षेचा काही भाग भोगलेल्या वाहकांना माफी दिली. कोस्टारिकाने २०१३ मध्ये, तुरुंगात अमली पदार्थ नेणाऱ्या दरिद्री व कुटुंबाचा भार वाहणाऱ्या स्त्रियांची शिक्षा ८ ते २० वर्षांवरून ३ ते ८ वर्षांवर आणली. कोलंबियाने २०२३ च्या कायद्याने, घराचा एकटीने भार वाहणाऱ्या गरीब स्त्रियांना विशिष्ट गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये मान्य केलेल्या 'बँकॉक नियमां'तही, लहान मुलांच्या मातांना शक्य तेथे कारावासाबाहेरची शिक्षा द्यावी, असे सांगितले आहे.

अशी सवलत दिली तर तस्कर मुद्दाम मातांनाच हाताशी धरतील, असा एक आक्षेप घेतला जातो. परंतु कायदा कठोर असतानाही ते गरजू मातांना गाठतच आले आहेत! शिक्षेचे भय हे, ज्याच्यापुढे दोन वाटा मोकळ्या आहेत, त्याला थांबवते. चुलीत उद्या काय घालावे हे जिला ठाऊक नाही, तिला दहा वर्षांनंतरचे भय आजच्या भुकेपेक्षा लहान वाटते. शिवाय सवलत सरसकट नको. गुन्हा पहिला असावा, वाटा केवळ वाहकाचा असावा, हिंसा नसावी आणि तिने धन्याचा माग सांगण्यास साहाय्य करावे, अशा अटी घालता येतील. त्यामुळे कायदा दुबळा होणार नाही, उलट त्याचा हात खऱ्या गुन्हेगाराच्या अधिक जवळ पोहोचेल.

आता आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. आपल्या गोमंतकातूनही अनेक स्त्रिया घरकामासाठी आखाती देशांत जातात. परदेशी नोकरी देणाऱ्या मध्यस्थांसाठी सरकारने परवान्याची पद्धत घातली, ती याच संकटांसाठी. आपल्या वाड्यावरील एखादी ताई वा मावशी परदेशी निघाली, तर तिचा करार वाचून दाखविणे, मध्यस्थाचा परवाना तपासणे आणि दुसऱ्याने दिलेली बॅग हाती घेऊ नये हे सांगणे, एवढे तर शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला साधेल. विधवा व परित्यक्ता स्त्रियांसाठी सरकारी साहाय्याच्या योजना आहेत. त्यांचा अर्ज भरून देण्यास फार तर एक तास लागतो. तो तास आपण दिला नाही आणि त्या रिकाम्या जागी तस्कराचा माणूस येऊन बसला, तर नारदमुनींच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल. विद्यार्थी मित्रहो, आपल्या शेजारची चूल पेटते की नाही, याची चौकशी करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.